भिंतीपलीकडे लहर पाठवणारे शिक्षक : जगदीशचंद्र बोस



तुमच्याही घरी हे होत असेल. नंदनवनमधलं आमचं घर जुनं, विटांचं. राऊटर समोरच्या खोलीत, मुलीची अभ्यासाची जागा मागच्या खोलीत आणि मधे दोन जाड भिंती. ऑनलाइन सराव पेपर सोडवताना नेमकं नेट जायचं आणि ती बिचारी मोबाईल घेऊन अंगणात यायची. मीही भिंतींनाच दोष देत बसले होते. मग वर्गात विद्युतचुंबकीय लहरी शिकवायच्या म्हणून जगदीशचंद्र बोस पुन्हा वाचले आणि वाटलं, हे चरित्र तुम्हालाही सांगावं.

बालपण आणि शिक्षण

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. इंग्रजी शाळेत घालणं त्यांना सहज जमलं असतं, पण मुलाने आधी आपली भाषा आणि आपली माणसं ओळखावीत म्हणून त्यांनी त्याला बंगाली शाळेत पाठवलं. तिथे चपराशाचा आणि कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसायचे. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांनी प्रयोगांची गोडी लावली. १८८० साली ते डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेले. प्रकृती साथ देईना, म्हणून वैद्यक सोडून केंब्रिजला विज्ञान शिकले.

पहिली भिंत : पगाराची

१८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. तिथे भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोस हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे काम तेच आणि पगार एक तृतीयांश! बोसांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. ते रोज शिकवत राहिले, फक्त पगार घेतला नाही. असं तब्बल तीन वर्षं! घरावर वडिलांचं कर्ज होतं. याच काळात लग्न झालं. पत्नी अबलाबाईंनी ही ओढाताण हसतमुखाने सोसली. शेवटी कॉलेजला नमावं लागलं. पूर्ण पगार मागील थकबाकीसह मिळाला आणि त्यातून कर्ज फिटलं.

दुसरी भिंत : विटांची

छत्तिसाव्या वाढदिवशी, १८९४ साली, त्यांनी संशोधनाला वाहून घेतलं. प्रयोगशाळा म्हणजे चोवीस चौरस फुटांची खोली. उपकरणं पत्र्याचं काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून बनवली. हर्ट्झने दाखवलेल्या लहरी बऱ्याच लांब होत्या. बोसांनी त्या पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या, म्हणजे त्यांचे गुणधर्म टेबलावर मोजता येतील. तागाचे पिळलेले तंतू, रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून लहर कशी जाते, हे त्यांनी तपासलं.

१८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या शरीरातून आणि तीन भिंतींतून पार झाली. पंचाहत्तर फुटांवरच्या खोलीत घंटा वाजली, बारूद उडाली. आता नीट लक्ष द्या. एवढ्याशा यंत्राची ताकद पुरावी म्हणून त्यांनी वीस फूट उंच खांबावर धातूची गोल तबकडी बसवली होती, पाठवणाऱ्या यंत्राला एक आणि घेणाऱ्याला एक. भिंत तीच राहिली, त्यांनी लहरीची सोय बदलली.

पैशाची वाट मात्र त्यांनी धरली नाही. मैत्रिणींच्या आग्रहामुळे १९०४ साली एक अमेरिकन पेटंट मिळालं, पण त्यातून कमाई करायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ साली स्वतःच्या वाढदिवशी त्यांनी बोस संस्था स्थापन केली. बंगालीतून विज्ञानही लिहिलं. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

मग आमच्या घरात काय केलं?

बोसांसारखंच, आधी मोजलं. मुलीने घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीत मोबाईलवर वेग बघून आकडे लिहिले. तेव्हा कळलं की खरा चोर भिंत एकटी नव्हती. राऊटर जमिनीलगत, लोखंडी कपाटामागे होता आणि पुढे खिडकीत पाण्याने भरलेला कूलर! धातू लहर परतवतो, पाणी ती शोषून घेतं.

राऊटर घराच्या मध्याजवळ, दाराच्या रेषेत, उंच फळीवर ठेवला. लहर भिंतीतून तिरपी गेली तर तिला जास्त वीट ओलांडावी लागते, म्हणून शक्यतो सरळ किंवा उघड्या दारातून वाट दिली. मागच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ निवडलं. त्याची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची. ५ गिगाहर्ट्झची जेमतेम सहा. ५ वेगवान खरं, पण जाड विटेत लवकर थकतं.

एवढ्याने काम झालं नाही, तर रिपीटर लावा. पण तो जिथे नेट नाही तिथे नको, जिथे अजून चांगलं येतं अशा मधल्या जागी. त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही, तर तो पुढे काय सांगणार? आणि भिंत चौदा इंची असेल, तर सरळ केबल टाकून मागे दुसरा राऊटर बसवणं सगळ्यात खात्रीचं.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना मोबाईलपुढे पुस्तकांचा गठ्ठा, ओला टॉवेल आणि स्टीलचं ताट असं एकेक धरायला सांगा. दर वेळी वेग तीनदा मोजून सरासरी तक्त्यात लिहू द्या. उत्तर आधी सांगू नका. चोवीस चौरस फुटांच्या खोलीत एका शिक्षकाने एवढं केलं, तर आपला वर्ग त्याहून बराच मोठा आहे.

आमची मुलगी आता आतल्या खोलीतच पेपर सोडवते. तुमच्या घरचा चोर कोण निघतो, तेवढं नक्की शोधा.