ज्ञानाचा वाटसरू : धर्मानंद कोसंबी

प्रवास म्हटला की आपल्याला आधी पैशाची आठवण होते. आमच्या निमोण्यात प्रवास म्हणजे रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन, आषाढीची वारी, नाहीतर पाहुण्यांकडचे लग्न. केवळ पाहावे, शिकावे म्हणून घराबाहेर पडणे ही पैसेवाल्यांची गोष्ट, असे मलाही वाटत होते. गेल्या वर्षी सहलीची वर्गणी भरणे घरी जमले नाही. त्या दिवसांत मी ग्रंथालयातून ‘निवेदन’ हे पुस्तक आणून वाचले. धर्मानंद कोसंबी यांचे ते आत्मचरित्र. ते वाचून माझी समजूत पार बदलली.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शिक्षण थोडेच झाले. घरची नारळीची बाग सांभाळण्यात तारुण्याची वर्षे गेली. लग्नही लहानपणीच झाले. परंतु वाचनाची ओढ काही सुटली नाही. एका मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि हा धर्म मुळापासून समजून घ्यावा, अशी तळमळ त्यांना लागली. गोव्यात शिकवणारे कोणी नव्हते. जवळ पैसे नव्हते, इंग्रजी येत नव्हते, संस्कृतही येत नव्हते. अशा स्थितीत १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

ते प्रथम आपल्या पुण्यास आले. येथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची त्यांनी भेट घेतली. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले. काशीत गरीब विद्यार्थ्यांना अन्नछत्रांचा आधार असे. त्या अन्नावर दिवस काढून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. १९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे बौद्ध धर्माचे शिक्षण मिळेल अशी मोठी आशा होती, पण पदरी निराशाच आली. तरी ते घरी परतले नाहीत. तेथून गयेस गेले. पाली शिकायची तर सिंहलद्वीपच गाठले पाहिजे, असे त्यांना कळले आणि हा फाटका माणूस त्याच वर्षी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात जाऊन दाखल झाला. सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन सुरू केले. पुढे ब्रह्मदेशातील मठांतही ते राहिले.

त्या काळी बुद्धाच्या चरित्रातील स्थळे आजच्यासारखी गजबजलेली नव्हती. लुंबिनीचा अशोकस्तंभ तर १८९६ साली, म्हणजे कोसंबी घराबाहेर पडले त्याच्या तीनच वर्षे आधी, ओळखला गेला होता. मोटारी नव्हत्या. भिक्षूच्या वेषात, मिळेल ती भिक्षा खाऊन त्यांनी कुशीनारा, लुंबिनी, राजगृह ही स्थळे पाहिली. पुस्तकात वाचलेले गाव प्रत्यक्ष पाहावे, एवढीच इच्छा होती. ज्याला विचारायचा प्रश्न पक्का ठाऊक असतो त्याला वाट सापडते, असे हे वाचताना वाटते.

परंतु या प्रवासाची एक बाजू आपण विसरता कामा नये. धर्मानंद निघाले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या होत्या. सुमारे सात वर्षे त्या माउलीने वाट पाहिली. खिशातून पैसा गेला नाही म्हणून प्रवास फुकट झाला असे नाही; त्याची किंमत घरच्यांनी मोजली. माझ्या शिक्षणासाठी माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, म्हणून मला हे वाचताना थांबावेसे वाटले.

या ऋणाची जाणीव धर्मानंदांनी ठेवली असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. १९०६ साली भिक्षूचा वेष उतरवून ते पुन्हा संसारात आले. कलकत्त्यास त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. परंतु आपण मिळवलेले ज्ञान मराठी माणसाला मिळावे ही त्यांची इच्छा होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा ते कलकत्ता सोडून इकडे आले. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा मुलगी माणिक व मुलगा दामोदर बरोबर होते. जिला पाळण्यात सोडून बाप गेला होता, ती मुलगी अमेरिकेत महाविद्यालयात शिकली. पुढे धर्मानंद रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ आजही वाचला जातो. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्याइतके दूर जाणे आपल्याला जमेलच असे नाही. पण पाहण्याजोगे फार लांब आहे असेही नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. अष्टविनायकाच्या यात्रेत हजारो लोक लेण्याद्रीला जातात, पण गणपतीचे ते देऊळ बौद्ध लेण्यात आहे, हे किती जणांच्या लक्षात येते? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र एस.टी.ने जुन्नरला गेलो. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. तेथे बारा खांबांच्या वर्तुळात एक स्तूप कोरलेला आहे. आमच्याशिवाय तेथे कोणीच नव्हते. भाकरी खाऊन आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

घरी आल्यावर आईने विचारले, काय पाहिलेस? मी तिला सगळे सांगितले. पुढच्या खेपेला मी येते, असे ती म्हणाली. आता तिला घेऊन जायचे आहे.