कोटणीसांनी नेमकं काय निवडलं?

हॉस्टेलवर रात्री लाइट गेले की गप्पा कुठे जातील याचा नेम नाही. त्या दिवशी सुरुवात झाली कॅम्पस इंटरव्ह्यूपासून आणि गाडी पोचली थेट रशियात! एकाचं म्हणणं, पूर्वी तिकडे प्रत्येकाला नोकरी होती, डोक्यावर छप्पर होतं, माणूस सुखी होता. दुसऱ्याचं म्हणणं, नोकरी कुठली ते सरकार ठरवणार, मग कसलं सुख? मी सोलापूरचा. आम्हाला कम्युनिझम म्हटलं की लेनिनच्या आधी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. मी त्यांचं नाव काढलं आणि दोन्ही पार्ट्यांनी त्यांना आपापल्या बाजूला ओढायला सुरुवात केली. लाइट आले, वाद तसाच राहिला. म्हणून हा लेख.

'वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे' नावाची एक पाहणी १९८१ पासून देशोदेशी होत आली आहे. त्यात लोकांना एक ते दहामध्ये मार्क द्यायला सांगतात. आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, हा एक प्रश्न. आपलं आयुष्य कसं घडावं हे ठरवायची मोकळीक तुम्हाला किती आहे असं वाटतं, हा दुसरा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, त्यानंतरच्या वर्षांत रशिया, युक्रेनच्या लोकांनी पहिल्या प्रश्नाला फारच कमी मार्क दिले. पगार थकलेले, महागाई भडकलेली, स्वातंत्र्य आलं ते असं. पण ज्यांना आयुष्य आपल्या हातात आहे असं वाटत होतं, ते समाधानातही इतरांच्या पुढे होते. हे दोन प्रश्न डोक्यात ठेवून मी कोटणीसांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. ते विशीत येत होते तेव्हा गावात मार्शल लॉ लागला होता (मे १९३०), आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे आमचे चार हुतात्मे फासावर गेले. मोकळीक नसणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोराला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. तेवढ्यात १९३८ साल आलं. जपानने चीनवर हल्ला करून वर्ष झालं होतं, चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले आणि काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं. पाच जण निघाले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. जायचं कुणी सांगितलं नव्हतं. घरच्यांची परवानगी मात्र त्यांनी मागितली, आणि ती मिळाली. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली.

कम्युनिस्टांच्या येनानला पोचायच्या आधीच वाटेत वडील गेल्याची बातमी आली. सोबत्यांनी घरी परत जायला सुचवलं. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड पेपर हाच. त्या दिवशी परतले असते तर त्यांना कुणीही नावं ठेवली नसती. ते पुढे गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं, नंतर एकेक जण भारतात परतू लागला. बसू आणि कोटणीस थांबले.

मग उत्तर चीनमधल्या डोंगराळ भागात आठव्या मार्ग सेनेबरोबर काम. दवाखाना म्हणजे मिळेल ते घर, नाहीतर देऊळ. शत्रू जवळ आला की रुग्णांसकट सगळं उचलून दुसरीकडे. १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. (आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो आणि दोन दिवस सांगत फिरतो!) ते चिनी बोलायला-लिहायला शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेत बोट कापून रक्तात विष भिनल्याने वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये पहिले संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

आता वादाकडे येतो. ते कम्युनिस्ट पक्षात गेले जुलै १९४२ मध्ये. म्हणजे चीनमध्ये येऊन जवळजवळ चार वर्षं झाल्यावर, आणि मरणाच्या पाच महिने आधी. येणं, वडील गेल्यावर न परतणं, डोंगरात राहणं, लग्न, हे सगळं पक्षाचं कार्ड हातात नसताना ठरलं. त्यामुळे पक्षाने त्यांना समाधान दिलं हे मला पटत नाही. पण पक्षाने त्यांना फसवलं, हे दुसऱ्या पार्टीचं म्हणणंही पटत नाही, कारण पाऊल पडलं ते प्रत्येक वेळी त्यांचं स्वतःचं.

मला खटकतं ते पुढचं. ज्या पक्षात ते गेले तो १९४९ मध्ये सत्तेवर आला. १९५८ पासून कुटुंबनोंदणीच्या कायद्याने खेड्यातल्या माणसाला शहरात राहायला जाणं अवघड करून ठेवलं. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्याला नोकरी आणि गाव सरकार नेमून द्यायचं. ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात मोडीत निघत गेली. म्हणजे कोटणीसांनी सत्तावीसाव्या वर्षी जे केलं, ते त्यांच्या मुलाच्या पिढीला करता येत नव्हतं. यिनह्वाही वैद्यकी शिकला. १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, पंचविशी गाठायच्या आत तो वारला. ग्वो छिंगलान २०१२ पर्यंत होत्या. इकडे भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं, तेही २०१२ मध्येच.

हॉस्टेलच्या वादात मी हे सगळं सांगू शकलो नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा तेवढा पाहिला होता.

शेवटच्या वर्षी कोटणीसांना फिट्स येत होत्या. उपचारासाठी दुसरीकडे जायचा सल्ला त्यांना मिळाला होता. ते गेले नाहीत. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरचं एक पुस्तक लिहून झालं होतं, दुसरं चालू होतं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता, आणि दुसरं पुस्तक अर्ध्यावर.