बार्तोलोमे दे लास कासास : आधी स्वतःचे हात पाहणारे धर्मगुरू

धर्माच्या नावाने कुठे रक्त सांडले की आपण चटकन दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवतो. देवाचे नाव घेणारी माणसे माणसांनाच का मारतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आज आपण आपल्याच ख्रिस्तसभेतील एका धर्मगुरूंच्या जीवनाकडे पाहू या.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म १४८४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. १५०२ साली ते वडिलांबरोबर कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर गेले. तेथे शेती व सोन्याच्या खाणींत राबण्यासाठी मूळ रहिवासी स्पॅनिश लोकांना वाटून दिले जात. मालकाने त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यावी, अशी अट होती. प्रत्यक्षात शिकवण बाजूला राहिली, वेठबिगारी तेवढी उरली. लास कासास पुढे धर्मगुरू झाले, तरी असे वेठबिगार त्यांच्याकडेही होते. एका डॉमिनिकन धर्मगुरूंनी पापनिवेदनाच्या वेळी त्यांना त्यासाठी पापक्षमा नाकारली, तेव्हाही ते बदलले नाहीत.

पुढे ते सैन्याबरोबर क्युबात गेले. काओनाओ गावी खाद्यपदार्थ घेऊन सामोरे आलेल्या निःशस्त्र लोकांची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्याच बेटावरील हातुए या सरदाराची हकिगत त्यांनी लिहून ठेवली आहे. सोन्याने भरलेली टोपली दाखवून हातुएने आपल्या लोकांना सांगितले होते की, या परक्यांचा खरा देव हाच आहे. १५१२ साली स्पॅनिशांनी त्याला जिवंत जाळले. मरणापूर्वी त्याला स्वर्गाविषयी सांगण्यात आले, तेव्हा ख्रिस्ती लोक जेथे जातात तेथे आपल्याला जायचे नाही, असे तो म्हणाला.

१५१३ मध्ये स्पेनच्या राजदरबाराने एक जाहीरनामा तयार केला. ख्रिस्तसभेची व राजाची सत्ता मान्य करा, नाहीतर युद्ध होईल आणि दोष तुमचाच असेल, असा त्याचा आशय होता. लोकांना न समजणाऱ्या भाषेत तो वाचला की सैनिक तलवार उपसायला मोकळे! हव होती सोन्याची, नाव मात्र देवाचे. पाप धर्माच्या वस्त्राने झाकले की मनाची टोचणी थांबते. म्हणूनच मिस्सा ऐकणारी माणसेही निर्दय होऊ शकली.

१५१४ साली पवित्र आत्म्याच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना लास कासास यांनी बेन सिराच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय वाचला. गरिबांच्या तोंडचा घास हिरावून केलेले अर्पण देवाला मान्य नाही, हे वचन त्यांच्या काळजाला भिडले. आपण वेदीवर उचलतो ते हात कसे आहेत, हे त्यांना दिसले. त्यांनी आपले वेठबिगार सोडून दिले आणि आयुष्य त्या लोकांच्या न्यायासाठी वाहिले. पुढे ते डॉमिनिकन झाले आणि नंतर मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाले. श्रद्धा तलवारीने नव्हे, तर प्रेमाने व समजावून सांगूनच रुजते, असे त्यांनी आयुष्यभर मांडले. १५४२ च्या नव्या कायद्यांमागे त्यांचे मोठे प्रयत्न होते. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे सेपुलवेदा या विद्वानाने मूळ रहिवाशांविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरवले, तेव्हा त्यांनी त्याला ठाम विरोध केला.

तेही चुकले. मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्यांनी एकेकाळी सुचवले होते. हाही तेवढाच मोठा अन्याय आहे, हे उमगल्यावर त्यांनी पश्चात्ताप केला आणि ती चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. १५६६ साली माद्रिद येथे ते देवाघरी गेले.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्ती लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. लास कासास यांनी हीच वाट खूप आधी धरली होती. बंधुभगिनींनो, आपल्या हाती तलवार नसेल. पण जमीन, मान किंवा सत्ता यांसाठीचा राग आपण कधी धर्मरक्षण म्हणून मिरवतो का? आज वेदीकडे जाताना आपण आधी आपले हात पाहू या.