विश्लेषण : बुद्ध्यांक ११० म्हणजे नेमके किती हुशार? बुद्धीची चाचणी घडवणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनी काय सांगितले होते?

मोबाइलवर काही कोडी सोडवली की पडद्यावर आकडा येतो : बुद्ध्यांक ११०. सरासरी १०० असते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे वर असल्याचे समाधान वाटते आणि ‘फार वर’ नसल्याची रुखरुखही लागते. आकडा मुलाचा असेल तर पालकांच्या मनात त्याच्या भविष्याचे आडाखे सुरू होतात. ज्यांच्या कामातून पुढे हा आकडा निघाला ते फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांना मात्र असे आडाखे मान्य नव्हते. त्याची कारणे त्यांच्या आयुष्यातच सापडतात.

बिने मानसशास्त्राकडे कसे वळले?

बिने यांचा जन्म १८५७ मध्ये नीस येथे झाला. हे शहर तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आई-वडील विभक्त झाल्यावर आईने त्यांना वाढवले. पॅरिसमध्ये शिकून १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमले नाही. वैद्यकीय शिक्षण सुरू केले, तेही अर्धवट सोडले. मग राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्र स्वतःच वाचून शिकले. शिक्षणाच्या रुळलेल्या मोजपट्टीवर त्यांची स्वतःची वाटचाल फारशी चमकदार नव्हती.

पहिलाच मोठा प्रयोग का फसला?

१८८३ पासून ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात, प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली काम करू लागले. संमोहित रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणे लोहचुंबकाने दुसऱ्या बाजूला नेता येतात, असा दावा बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांनी केला. बेल्जियमचे देलबफ यांनी हे प्रयोग पाहिले आणि त्यातली खोट दाखवली : चुंबक रुग्णाच्या डोळ्यांसमोर असे, चर्चाही त्याच्यासमोरच होई. काय घडायला हवे हे रुग्णाला आधीच कळत होते. अखेर बिने यांना चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. नाचक्की झाली आणि त्यांनी रुग्णालय सोडले. मोजणाऱ्याची अपेक्षा मोजमापात शिरते, हा धडा मात्र ते आयुष्यभर विसरले नाहीत.

मुलींनी काय शिकवले?

या काळात घरात मादलेन आणि आलिस या दोन मुली वाढत होत्या. चालायला शिकताना थोरली मादलेन जपून, पुढचा आधार हेरूनच पाऊल टाकी. आलिस अडखळत का होईना, खोलीच्या मध्यापर्यंत बेधडक जाई. बिने यांनी दोघींना वर्षानुवर्षे छोटी कामे देऊन पाहिले आणि १९०३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. दोघी एकाच घरातल्या, पण विचार करण्याची तऱ्हा वेगळी. बुद्धी एकाच साच्याची नसते, हे त्यांना घरातच दिसले.

दरम्यान १८९१ पासून त्यांनी सोरबोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम सुरू केले. १८९४ मध्ये ते तिचे संचालक झाले. प्राध्यापकपद मात्र फ्रान्समध्ये कधीच मिळाले नाही. डोक्याच्या आकारावरून हुशारी ठरवण्याची तेव्हाची पद्धतही त्यांनी शाळकरी मुलांवर तपासली. फरक निघाले ते अगदी किरकोळ. त्यातही आपलीच अपेक्षा मिसळलेली असू शकते, अशी शंका आल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला.

चाचणीची गरज का भासली?

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि सर्व थरांतील मुले वर्गात आली. काही मागे पडू लागली. १९०४ मध्ये सरकारने अशा मुलांच्या शिक्षणासाठी आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. प्रश्न नाजूक होता. खोडकर मूल नकोसे झालेला शिक्षक त्याला ‘मंद’ ठरवू शकत होता. एकाच मुलाबद्दल दोन डॉक्टरांची मते वेगळी पडत होती. चुकीचा शिक्का बसला की मूल नेहमीच्या शाळेला मुकणार होते.

म्हणून बिने आणि तरुण डॉक्टर तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये ३० कामांची चाचणी तयार केली. पेटत्या काडीकडे नजर वळवणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, दिलेल्या तीन शब्दांचे वाक्य करणे अशी कामे सोप्याकडून अवघडाकडे लावलेली होती. १९०८ मध्ये ती वयानुसार मांडली गेली. ज्या वयाची बहुतेक मुले एखादे काम करू शकतात, त्या वयाखाली ते काम. यातून मुलाची ‘मानसिक पातळी’ कळे. कुणाला जादा मदत हवी, एवढेच ओळखणे हा हेतू होता. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही आणि ती जन्मभर तेवढीच राहते असेही नाही, हे बिने पुन्हा पुन्हा बजावत. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण आणि निश्चय वाढवणारे व्यायामही सुचवले. पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळ त्यातलाच.

मग बुद्ध्यांक आला कुठून?

१९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तो भागाकार १०० ने गुणून वापरात आणला. दहा वर्षांच्या मुलाने ११ वर्षांच्या पातळीची कामे केली तर बुद्ध्यांक ११०.

मदतीसाठी केलेली चाचणी तिथे वगळण्यासाठी वापरली जाऊ लागली. हेन्री गोडार्ड यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना ती लावली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या खटल्यातील तरुणीविरुद्ध तिचे ‘मानसिक वय’ हाही पुरावा होता.

आज ११० चा अर्थ काय?

आज हा आकडा भागाकार राहिलेला नाही. तो रांगेतील जागा दाखवतो. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत त्या वयोगटाची सरासरी १०० धरतात. सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. ११० म्हणजे समवयस्क १०० जणांत साधारण ७५ जण मागे. १०५ म्हणजे सुमारे ६३. ११५ म्हणजे ८४. अर्थात, ११० गुणांचा माणूस १०० वाल्यापेक्षा दहा टक्क्यांनी हुशार, असे म्हणता येत नाही.

शिवाय चांगल्या प्रमाणित चाचणीतही काही गुणांची चूक गृहीत धरलेली असते. त्यामुळे ११० हा आकडा साधारण १०५ ते ११५ असा वाचावा लागतो. झोप, ताण, भाषा, सराव यांचाही परिणाम होतो. मोबाइलवरच्या बहुतेक चाचण्या प्रमाणित नसल्याने त्यांचा निकाल करमणुकीपुरताच.

आकड्यावरून भविष्य वर्तवण्याची मर्यादा टर्मन यांच्याच अभ्यासात दिसली. १९२१ पासून त्यांनी अतिउच्च बुद्ध्यांकाच्या सुमारे १,५०० मुलांचा माग काढला. निवडीत न बसलेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांनी पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले.

महाराष्ट्राशी संबंध काय?

बिने यांची चाचणी मराठीतही आली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही देशात बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यमापनासाठी वापरली जाते. त्या निकालावर मुलाला मिळणाऱ्या सवलती आणि साहाय्य ठरू शकते. १९०४ मध्ये पॅरिसच्या आयोगापुढे होता तोच हा प्रश्न : कोणत्या मुलाला अधिक मदत हवी? त्याचे उत्तर शोधताना ही चाचणी उपयोगी पडते. सरासरीपेक्षा थोड्या वरच्या आकड्यातून मात्र एवढेच कळते, की त्या दिवशी, त्या प्रश्नांवर, ती व्यक्ती आपल्या वयाच्या बऱ्याच जणांच्या थोडी पुढे होती.