लुई बाशेलिये

लुई झाँ-बाप्तिस्त आल्फाँस बाशेलिये (११ मार्च, १८७० – २८ एप्रिल, १९४६) हे फ्रेंच गणितज्ञ होते. शेअर बाजारातील किमतींच्या चढउतारांना संभाव्यताशास्त्राची चौकट देऊन ऑप्शनचे मूल्य काढण्याची गणिती पद्धत त्यांनी १९०० साली मांडली. त्यांना वित्तीय गणिताचे जनक मानले जाते. मात्र ही मान्यता त्यांना मृत्यूनंतर मिळाली.

जन्म व शिक्षण

बाशेलिये यांचा जन्म फ्रान्समधील ल आव्र या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील वाइनचे व्यापारी होते व आई बँकव्यावसायिकाच्या घराण्यातील होती. १८८९ साली आईवडील दोघेही निवर्तल्याने कौटुंबिक व्यवसायाची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. त्यानंतर त्यांना लष्करी सेवाही करावी लागली. त्यामुळे १८९२ मध्ये ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा समवयस्कांच्या तुलनेत ते मागे पडले होते.

सट्ट्याचा सिद्धान्त

२९ मार्च, १९०० रोजी त्यांनी सट्ट्याच्या सिद्धान्तावरील डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याचे परीक्षण करणाऱ्यांत आँरी प्वाँकारे हे ख्यातनाम गणितज्ञ होते. पॅरिसच्या बाजारात तेव्हा सरकारी कर्जरोख्यांवर ऑप्शनचे व्यवहार होत. ठरलेल्या भावाने रोखा घेण्याचा हक्क खरेदीदाराला मिळे आणि भाव प्रतिकूल झाल्यास त्याचे नुकसान अधिमूल्याच्या रकमेपुरतेच मर्यादित राही. या अधिमूल्याची योग्य रक्कम किती, हा प्रबंधातील मध्यवर्ती प्रश्न होता.

प्रत्येक व्यवहारात एक खरेदीदार व एक विक्रेता असतो. म्हणून बाजाराच्या दृष्टीने भाववाढ व भावघट यांचे पारडे समान असते आणि सट्टेबाजाचा अपेक्षित नफा शून्य असतो, असे बाशेलिये यांनी गृहीत धरले. त्यावरून भावातील बदल घंटाकृती प्रसामान्य वितरणानुसार होतात आणि त्यांचा विस्तार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे काळ चौपट झाल्यास संभाव्य चढउतार दुप्पट होतात. भावांची संभाव्यता उष्णतावहनाच्या समीकरणाप्रमाणेच पसरते, हेही त्यांनी दाखवले. हे गणित ब्राउनीय गतीचे होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा या विषयावरील लेख त्यानंतर ५ वर्षांनी, १९०५ साली प्रसिद्ध झाला.

प्वाँकारे यांनी गणिती मांडणीची प्रशंसा केली, पण बाजार हा विषय तत्कालीन गणितज्ञांच्या परिघाबाहेरचा होता. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही.

अध्यापन

१९०९ पासून बाशेलिये यांनी सॉर्बोनमध्ये संभाव्यताशास्त्रावर व्याख्याने दिली. १९१४ साली खेळ, नशीब व यदृच्छा यांवरील त्यांचे सुबोध पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. युद्धानंतर बझाँसाँ, दिजाँ व रेन येथील विद्यापीठांत त्यांनी अस्थायी पदांवर अध्यापन केले.

१९२६ मध्ये दिजाँ येथील कायम पदासाठी त्यांनी अर्ज केला. त्यांच्या एका लेखात गंभीर चूक असल्याचे मत पॉल लेव्ही यांनी दिले आणि अर्ज नाकारला गेला. लेव्ही यांनी लेखाचा अर्थ चुकीचा लावला होता. पुढे आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्या १९३१ च्या लेखात बाशेलिये यांचा उल्लेख पाहिल्यावर लेव्ही यांनी त्यांचे काम पुन्हा वाचले व त्यांची क्षमा मागितली. दरम्यान १९२७ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, बाशेलिये यांना बझाँसाँ येथे प्राध्यापकपद मिळाले होते. १९३७ साली ते निवृत्त झाले. ब्रिटनी प्रांतातील सँ-सेर्व्हाँ येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव

१९५० च्या दशकात सांख्यिकीतज्ज्ञ लेनर्ड सॅव्हेज यांनी बाशेलिये यांच्या लेखनाकडे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांचे लक्ष वेधले. प्रबंधाचा इंग्लिश अनुवाद १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाशेलिये यांच्या प्रतिमानात भाव शून्याखाली जाऊ शकतो, पण शेअरचा भाव ऋण होत नाही. म्हणून सॅम्युएलसन यांनी भावातील निव्वळ बदलाऐवजी टक्केवारीतील बदल विचारात घेतला. याच पायावर १९७३ मध्ये फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे ऑप्शन-मूल्यांकनाचे सूत्र उभे राहिले. त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी त्या सिद्धान्ताचा विस्तार केला.

२० एप्रिल, २०२० रोजी अमेरिकेत खनिज तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला. ऋण भाव ब्लॅक-शोल्स पद्धतीच्या सूत्रांत बसत नसल्याने शिकागोच्या वायदेबाजाराने काही ऊर्जा-ऑप्शनांसाठी बाशेलिये यांचे प्रतिमान लागू केले. जो गुणधर्म दोष मानला गेला होता, तोच या वेळी उपयोगी ठरला.