अश्वाचा माग काढणारे श्लायखर

वैद्यकाच्या पुस्तकांत घोडा बऱ्याच ठिकाणी लपलेला आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या नावातला 'हिप्पोस' म्हणजे घोडा. मज्जारज्जूच्या टोकाशी लोंबणाऱ्या नसांच्या झुबक्याला 'कॉडा इक्विना' म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये घोड्याची शेपटी. आपल्याकडे अश्वगंधा आहेच. हिप्पोस, लॅटिन 'इक्वुस', संस्कृत 'अश्व' आणि गुश्तास्प, जामास्प या पारशी नावांतला 'अस्प' ही एकाच घराण्यातली भावंडे. (रोजच्या बोलण्यातला 'घोडा' मात्र 'घोटक'वरून आलेला, तो या घराण्याबाहेरचा.)

या भावंडांचा पूर्वज कसा उच्चारला जात असेल, हे ठरवायचा ध्यास ऑगस्ट श्लायखर यांनी घेतला. जन्म 1821 चा, जर्मनीतल्या मायनिंगेनचा; वडील डॉक्टर. प्राग विद्यापीठात शिकवत असताना 1852 मध्ये ते पूर्व प्रशियातल्या लिथुआनियन खेडुतांत जाऊन त्यांची बोली शिकले. जुन्या लिथुआनियन भाषेत घोडीला 'अश्वा' म्हणत, एवढे ते नाते जवळचे! पुढच्याच वर्षी त्यांनी भाषांची वंशावळ झाडासारखी काढून दाखवली. डार्विन यांचा ग्रंथ त्यानंतर सहा वर्षांनी आला, हे मुद्दाम सांगायला हवे. 1857 पासून ते येना विद्यापीठात होते. वनस्पतिशास्त्राची आवडही त्यांनी जपली होती.

1868 मध्ये त्यांनी धाडस केले. त्या हरवलेल्या मूळ भाषेत एक छोटी गोष्टच लिहिली: लोकर गेलेली मेंढी आणि ओझ्याने वाकलेले घोडे. त्यात घोड्याला त्यांनी 'अक्वस' म्हटले. संस्कृतातला 'अ' हाच मूळ स्वर, असा तेव्हाचा समज होता. त्याच वर्षी 6 डिसेंबरला क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वय 47. क्षयाचा जंतू कॉख यांनी जगासमोर आणला तो 1882 मध्ये, आणि गुणकारी औषधांना तर विसावे शतक उजाडावे लागले.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांतच समजले, की ग्रीक-लॅटिनमधले 'ए' आणि 'ओ' हेच जुने. संस्कृतात ते पुढे 'अ' झाले. मग 'अक्वस'चा 'एक्वोस' झाला. 1939 मध्ये हर्मान हिर्ट यांची सुधारलेली गोष्ट प्रसिद्ध झाली. नंतर आणखी काही जणांनी ती नव्याने लिहिली, आणि दर वेळी घोड्याचा उच्चार थोडा बदलला. मेंढी आणि घोडे मात्र श्लायखर यांचेच राहिले.