विंडसरचा गवई जॉन मर्बेक

सोळाव्या शतकांत विंडसर येथील सेंट जॉर्जच्या राजमंदिरांत जॉन मर्बेक हा ऑर्गन वाजविण्याच्या चाकरीस होता. लॅटिन उपासनेचें संगीत रचणारा हा मनुष्य, पण त्याचें चित्त इंग्रजी शास्त्राकडे लागलेलें होतें. १५३७ सालीं छापलेलें बायबल विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें तो मागून आणलेल्या प्रतीवरून हातानें नक्कल करूं लागला. तेव्हां एका स्नेह्यानें सुचविलें कीं, नकलेपेक्षां शास्त्रांतील कोणता शब्द कोठें कोठें आला आहे, याची सूचीच कां करीत नाहींस?

१५४३ सालीं त्यास पाखंडी म्हणून धरलें. मिस्साविरुद्ध कॅल्व्हिननें लिहिलेल्या पत्राची नक्कल त्याच्या हस्ताक्षरांत सांपडली. सूचीचे कागदही जप्त झाले; त्या वेळीं ती ‘एल’ या अक्षरापर्यंत आली होती. लॅटिन बेताचेंच जाणणाऱ्या गवयानें हें एकट्यानें केलें, यावर कोणाचा विश्वास बसेना. साथीदारांचीं नांवें सांग, असा तगादा लागला. शेवटीं परीक्षेसाठीं ‘एम’ या अक्षराचे शब्द त्यास देण्यांत आले, आणि एका दिवसांत त्यानें कित्येक पानें भरून दाखविलीं.

तरी चौघांस जाळण्याची शिक्षा झाली. पीअर्सन, टेस्टवुड व फिल्मर हे जुलै महिन्यांत जाळले गेले. मर्बेकला राजाची क्षमा मिळाली. गायनकलेमुळें तो वांचला, असें पुष्कळ लोक म्हणतात. पण टेस्टवुडही त्याच मंदिराचा गायक होता, हें कसें विसरावें? जॉन फॉक्सनें तर १५६३ च्या आपल्या ग्रंथांत मर्बेकही जळाला, असें चुकून लिहिलें. मर्बेक तेव्हां जिवंत होता!

जप्त झालेले कागद परत मिळाले नाहींत. त्यानें सर्व काम पहिल्यापासून केलें. ग्रंथ फार मोठा झाला म्हणून छापणारा कचरला, तेव्हां संक्षेप करून तिसऱ्यांदा लिहिला. १५५० सालीं निघालेली ही संपूर्ण इंग्रजी शास्त्राची पहिली सूची होय.

त्याच वर्षीं त्यानें नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकास चाली दिल्या. पूर्वींच्या मिस्सांत अनेक आवाज एकमेकांत गुंतत व शब्द बुडून जात. मर्बेकनें एकच साधी चाल ठेविली, बहुधा प्रत्येक उच्चारास एकच सूर, आणि बोलण्यांत जो जोर येतो तोच गाण्यांत. परंतु १५५२ सालीं प्रार्थनापुस्तक बदललें, आणि दोन वर्षांतच या चाली निरुपयोगी झाल्या. तो सुमारें १५८५ सालीं वारला. एकोणिसाव्या शतकांत लोकांनीं त्या चाली पुन्हां शोधून काढल्या, आणि त्याच्या प्रभुभोजनविधीच्या चाली पुष्कळ मंडळ्यांच्या तोंडीं बसल्या.